शेवटच्या पानावरचं नाव

इंद्रजीतनं पासपोर्ट आणि परवानगीचा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि नंबर पुन्हा ताडून पाहिला. "काका, काकूंचा हा पासपोर्ट नवा आहे का?"

"व्हय. मागच्याच महिन्यात आला," बद्रीनाथ खुशीत म्हणाला. "शेवटचं पान बघ की."

शहागंजातल्या इंद्रजीतच्या चिंचोळ्या ट्रॅव्हल ऑफिसात बद्रीनाथ आणि त्याची बायको मनकर्णाबाई तिच्या तिकिटाचे कागद घ्यायला करमाडहून आले होते. संध्याकाळी मुंबईची गाडी, पहाटे नैरोबीचं विमान. तिथं त्यांच्या लेकीचं, मेघाचं, परवा सिझर होतं. मनकर्णाबाईच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

इंद्रजीतनं शेवटचं पान पाहिलंच नाही. "काका, केनियाची ऑनलाइन परवानगी मी जुन्या पासपोर्टवर काढली होती. ती त्याच नंबरची असते. पासपोर्ट बदलला की परवानगी गेली. मला सांगायचं तरी!"

"जुनाबी आणलाय ना." बद्रीनाथनं पिशवीतून तो काढून दिला. पासपोर्टवाल्यांनी त्याचा कोपरा कापला होता.

"हा रद्द झालाय. नवा अर्ज आत्ता टाकतो, पण तीन दिवस तरी धरा. त्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत."

बद्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं.

जुन्या पासपोर्टची मुदत चिक्कार होती. फक्त शेवटच्या पानावर नवऱ्याच्या नावाची जागा कोरी राहिली होती, आणि नेमकी ती याच्या नजरेला पडली. झालं! पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं उखाण्याबाहेर कधी नाव घेतलं नाही. निदान सरकारी कागदावर तरी ते असावं, असं याच्या मनानं घेतलं. "ऱ्हाऊ द्या की, तशीच जाते म्या," ती म्हणाली होती. ऐकतो कोण? नवा पासपोर्ट आला तेव्हा गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पारावर बसलेल्या प्रत्येकाला त्यानं ते पान उघडून दाखवलं. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात मेघाचा फोन आला. मनकर्णाबाईला तो नेहमी स्पीकरवरच घ्यायची सवय.

"आई, निघालीस का गं? दवाखान्यात विचारत होते, सोबत कोण राहणार. म्हटलं, माझी आई येतीय."

मनकर्णाबाईनं डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उगाच पुन्हा दाबलं. "माय, माझं येणं लांबलं. तीन-चार दिवस."

मेघाचा आवाज रडवेला झाला. "अगं, पण परवा... मी एकटी? असं कसं झालं? कुणी घोळ घातला?"

बद्रीनाथ मान खाली घालून बसला. आज हिनं आपलं नाव घ्यावं, चांगलं मोठ्यानं घ्यावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"कुनी नाय गं, माय," मनकर्णाबाई म्हणाली. "कागदात काय तरी अडलंय."