कोरडे हातमोजे

संघात गोलरक्षक दोघी, पण हातमोज्यांची जोडी एकच. राखीव गोलरक्षक मुलीला वर्षभरात एकही सामना लाभला नव्हता; खेळ सोडण्याचे ठरवून ती प्रशिक्षकांना शोधत मैदानामागच्या नळाशी आली. तेथे सामना जिंकून आलेली थोरली गोलरक्षक उकिडवी बसून हातमोज्यांचा चिखल ब्रशने काढत होती. रोज सरावाला मिळणारे कोरडे, साबणाच्या वासाचे हातमोजे धाकटीला आठवले. ते शिपाईमामा धुतात, अशीच तिची समजूत होती. “ताई, हे तू करतेस?” “मग? मामांना साबण दिसला की ताप चढतो.” थोरली हसली. “उद्या तुला लागतील ना. ओल्या हातमोज्यांतून चेंडू निसटतो, आणि मला दुखापत झाली तर गोलात तूच ना? तू कच्ची राहिलीस तर मी कोणाच्या भरवशावर बिनधास्त झेप घेऊ?” प्रशिक्षक समोरून गेले, तरी धाकटीने हाक मारली नाही. ताईशेजारी बसून ती म्हणाली, “डावा इकडे दे.”