बिनपाटीचं टेबल

लेकीच्या टेबलावर काहीच नव्हतं. दोन्ही हातांत नवीकोरी पाटी धरून पेंटर खांद्यानेच दार लोटत प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरला आणि ते रिकामं टेबल बघून जागीच थबकला.

वस्तू वापरायला सोप्या कशा करायच्या, हे शिकवणाऱ्या कोर्सचं तिचं हे शेवटचं वर्ष. आजूबाजूच्या टेबलांवर नुसता झगमगाट. बोलणारं घड्याळ, एका हाताने उघडणारी बरणी, आजोबांसाठी मोठ्या बटणांचा फोन. प्रत्येकापुढे झोकदार पाटी. आणि आपली लेक रिकाम्या टेबलामागे हाताची घडी घालून ढिम्म उभी. हिचं वर्ष बुडालं, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही.

पाटीवरून घरात आधीच वाजलं होतं. तुझ्या प्रोजेक्टला अशी पाटी करतो की लोक बघत राहतील, असं तो कौतुकाने म्हणाला होता. ती म्हणाली, "पाटी लावावी लागली ना बाबा, तर मी नापास." आता बोला. सगळं घर पाट्यांवर चाललेलं आणि पोरगी म्हणते पाटी नको. त्याला ते फार लागलं. तरी त्याने रंगवलीच, बापच शेवटी.

या कॉलेजशी त्याचं नातं तिच्याही आधीचं. हॉलच्या दारावरची 'ढकला' ही पाटी त्याचीच. आधी छोटी होती, तर लोक दार ओढायचे. मग त्याने ती मोठी केली, मग लाल केली, मग खाली बाण काढला. लोक बाणाकडे बघत बघत दार ओढायचे. लोकांना वाचताच येत नाही, असं पेंटरचं ठाम मत होऊन बसलं होतं.

एवढ्यात एका हातात फायली आणि दुसऱ्या हातात चहाचा कप सांभाळत परीक्षक बाई आल्या. टेबलं बघत बघत त्या लेकीपाशी पोचल्या. टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"वर्षभर नुसत्या पाट्या टाकल्यात वाटतं?"

पेंटरचे कान तापले. आयुष्यभर त्याने पाट्या रंगवल्या, पण टाकल्या कधी नव्हत्या. आणि लेकीच्या बाबतीत हे ऐकायची वेळ यावी.

लेक मात्र जागची हलली नाही. "मॅडम, तुम्ही आत कशा आलात?"

"कशी म्हणजे? दार ढकलून."

बोलल्या आणि थांबल्या. हातातल्या भरल्या कपाकडे पाहिलं. गेल्या वर्षी याच दाराशी झटापट करताना अर्धा चहा त्यांच्या अंगावर गेला होता. त्या तशाच वळल्या आणि जाऊन दार उघडलं. मागोमाग पेंटरही गेला.

बाहेरच्या बाजूची जुनी मूठ गायब होती. तिच्या जागी हातभर लांब, गुळगुळीत, सपाट पत्रा. धरायलाच काही नाही, तर ओढणार काय? वर लाल पाटीच्या खिळ्यांची भोकं नीट बुजवून रंग दिलेला. तेवढ्यात खुर्च्या उचललेला शिपाई आला आणि कुठेही न बघता पाठीनेच दार लोटून आत गेला.

आपणही तसेच आत आलो, हे पेंटरला आत्ता आठवलं. आपलीच पाटी गेली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. त्याचा ऊर भरून आला.

बाईंनी परत येऊन कप त्या रिकाम्या टेबलावर ठेवला आणि फाईल उघडली. गुण देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. मग पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवणाऱ्या माणसाकडे त्यांचं लक्ष गेलं. आपण कोण, असं त्यांनी विचारलं.

"मी पाट्या रंगवतो," पेंटर छाती काढून म्हणाला. "ही माझी लेक. ही पाट्या उतरवते."