एका वेळी किती मशीन?

"एका वेळी किती मशीन चालणार?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"एक. सांगितलं ना," म्हणत थोरला तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठला.

आज त्याचं बूड कुठेच टेकत नव्हतं. तो दारापर्यंत गेला, परत आला, समोरचे दोन्ही कन्व्हर्टर पुन्हा न्याहाळू लागला. घरच्या साध्या विजेवर थ्री-फेज मशीन चालवून देणं हे दोघांचंही काम. एक भिंतीवर टांगायचा, डब्याएवढा, बिनआवाजाचा. पण तो एकाच मशीनला पुरायचा. दुसरा मोटरीचा, जमिनीवर बसणारा, दिवसभर घुमणारा. त्याच्यावर अख्खं वर्कशॉप चाललं असतं.

बारा दिवसांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. दोघा भावांची एकच शेड होती आणि तिथे कारखान्याची थ्री-फेज वीज होती. थोरला लेथवर शाफ्ट कातायचा, धाकटा मिलिंगवर त्यात चावीची खाच पाडायचा. मग एका बिघडलेल्या ऑर्डरवरून शब्दाने शब्द वाढला. शेड सोडली. थोरल्याने लेथ घरी नेला, धाकट्याने मिलिंग. वाटणी अगदी काटेकोर झाली, फक्त वीज तेवढी कोणाच्याच वाट्याला आली नाही.

तेव्हापासून लेथ ताडपत्रीखाली मुका पडून होता. शनिवारी चाळीस शाफ्ट द्यायचे होते. "खाचा बाहेरून पाडून घेईन, माझं काही अडत नाही," असं बायकोला ठणकावून तो घरातून निघाला होता. खरं तर त्याला धाकट्याची आठवण येत होती, आणि ती येते याचाच संताप येत होता. फोन त्याने आधी करायला हवा होता. लहान तो होता.

"पुढेमागे दुसरं मशीन आलं तर हा छोटा फुकट जाईल," दुकानदार म्हणाला.

"दुसरं येणार नाही. छोटाच द्या बांधून."

दुकानदार हटेना. त्याने खणातून एक कागद काढला. "मोठा कसा बसतो ते बघा तरी. परवा एका गिऱ्हाइकाने वायरिंगसाठी काढून दिलाय."

थोरल्याने उभ्याउभ्याच कागद घेतला. पेन्सिलीने काढलेली खोली. मधे कन्व्हर्टर. कोपऱ्यात एक चौकोन, त्यात 'मिलिंग'. खिडकीला लागून दुसरा, त्यात 'लेथ'. खाली तिरकं अक्षर: 'उजेड डावीकडून यावा. स्टुलाला जागा सोडणे, गुडघा दुखतो.'

हे अक्षर त्याने वीस वर्षं शेडमधल्या मालावर खडूने लिहिलेलं पाहिलं होतं. नकळत त्याचा हात स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

"गंमत म्हणजे त्याच्याकडेही मशीन एकच आहे," दुकानदार हसला. "छोट्यात भागलं असतं. पण ऐकेचना. दुसरं येईलच म्हणाला, आज ना उद्या."

थोरला खुर्चीत बसला. बराच वेळ बसून राहिला.

"मग? बांधू हा छोटा?"

"नको," थोरला म्हणाला. "लेथ न्यायचाय. टेम्पो कुठे मिळेल?"