पडीक

“नकाशात ही जागा पडीक आहे. ती हिरव्या पट्ट्यात राखून ठेवता येणार नाही,” नगररचनेच्या नव्या बाई म्हणाल्या. “सोमवारपासून तिथं भराव पडेल.”

माझं डोकंच फिरलं. “बाई, परवा मी तिथं गुडघाभर चिखलात उभा होतो. लव्हाळा माझ्या डोक्याच्या वर गेलाय. अर्ध्या शहराचं पावसाचं पाणी तिथं जिरतं. ती जागा बुजवली तर लोकांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरेल. आणि म्हणे पडीक! कोणी लिहिलं हे?”

“पाहणी करणाऱ्याने.”

“कसली डोंबलाची पाहणी! बूड न हलवता केलेली असणार. असल्या माणसांची शिसारी येते मला. फुकटचा पगार खायचा, आणि भोगायचं कोणी, तर मागून येणाऱ्यांनी!”

बाईंनी बावीस वर्षांपूर्वीची फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. “पायी फिरून पाहिले. पडीक.” एवढंच लिहिलं होतं. खाली लांब शेपटीची सही होती. तीच सही आज सकाळी मी हजेरीपुस्तकात केली होती.

“आठवतंय का काही?” त्यांनी विचारलं.

आठवत होतं. रस्ता संपला तिथं जीप थांबली. चिखलाचा वास आला म्हणून मी काच खाली करून थुंकलो, काच वर केली आणि बसल्या जागीच लिहून टाकलं. खाली उतरलोच नाही. बूट नवे होते.