एकच चमचा

बाईंनी भाजीत मीठ घातलं, आणि मग वरून आणखी एक मूठ टाकली. सून शेजारीच उभी होती. आई, दोनदा पडलं, असं ती हळूच म्हणाली. पडलं नाही, घातलंय, असं म्हणून बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. काही माणसांना बोलून कळत नाही, त्यांना जिभेवरूनच कळवावं लागतं.

ज्यांना कळवायचं होतं त्यांना ऑफिसात सगळे जीभवाले म्हणत. चहाच्या वखारीत ते चव घ्यायच्या कामाला होते आणि बाई लिहायच्या कामाला. सकाळी लांब टेबलावर पांढरे कप ओळीने मांडले जात, प्रत्येकात वेगळ्या मळ्याचा चहा. जीभवाले एकेका कपातून चमचाभर घोट सुर्रकन ओढत, तोंडात घोळवत, पिंपात थुंकत आणि निकाल देत. कडक. फिका. धुरकट. बाई तो वहीत उतरवत. माल घ्यायचा की परत धाडायचा ते त्या एका शब्दावर ठरे, म्हणून मालकसुद्धा त्यांच्याशी आवाज चढवून बोलत नसत.

अकरा वर्षं दोघं एका खोलीत बसली. माणूस इतका भिडस्त की स्वतःचा डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचा. मग तीन महिन्यांपूर्वी जीभवाले पंधरा दिवस तापाने आडवे झाले, आणि उठून आले ते निराळेच. ताप गेला तो रीतभात बरोबर घेऊन गेला, असं बाई म्हणत.

जेवायची सुट्टी झाली की ते चमचा घेऊन उठत आणि दुसऱ्यांच्या डब्यात घालत. विचारणं नाही, पुसणं नाही. एक घास घ्यायचा, डोळे मिटून चावायचा, आणि एक शब्द न बोलता पुढच्या डब्याकडे जायचं. बरं म्हणणं नाही, वाईट म्हणणं नाही. लोकांच्या घरच्या बायका पहाटे उठून रांधतात, त्याचं या माणसाला काहीच नाही. हिशेबनीस डबा खणात ठेवून चोरासारखा खाऊ लागला. कामातही तेच. कप तोंडाला लावायचे आणि विचारायचं, बाई, या मळ्याला मागच्या खेपेला काय लिहिलं होतं? बाईंनी वाचून दाखवलं की म्हणायचे, तेच लिहा. अंगात आळस मुरला की माणूस असाच शिळ्यावर दिवस काढतो, हे बाईंनी स्वतःच्या घरात नवऱ्याच्या रूपाने पुष्कळ पाहिलं होतं.

तोंडावर बोलायचं कुणी, तर सगळ्यांनी बाईंना पुढे केलं. बाई बोलल्याही. भूक भागत नसेल तर डबा मोठा आणावा, असं चारचौघांत सुनावलं. जीभवाले ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "एकच चमचा, बाई." आणि तो घेतलाच.

तेव्हा बाईंनी मिठाचं ठरवलं. नुसतं मीठ घालून त्यांचं समाधान होणार नव्हतं. तमाशाला बघे हवेत. त्यांनी हिशेबनिसाला सांगितलं, मुकादमाला सांगितलं, आणि मालकांना जाऊन म्हणाल्या की आज जेवणाच्या वेळेला जरा इकडे या, आपल्या माणसाची रीत डोळ्यांनी बघा.

मालक दाराशी येऊन उभे राहिले. जीभवाल्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांनी हिशेबनिसाच्या डब्यातून घास घेतला, मुकादमाच्या डब्यातून घेतला, आणि बाईंकडे आले. आज बाईंनी आपण होऊन डबा पुढे सरकवला. त्यांनी चमचा गच्च भरून तोंडात घातला आणि डोळे मिटले. सगळ्यांची नजर पिंपाकडे. जीभवाले चावत राहिले. खूप वेळ चावलं, आणि गिळलं.

मुकादमाला राहवलं नाही. चेहरा साधा ठेवून त्याने विचारलं, "कशी झालीय बाईंची भाजी?"

जीभवाल्यांनी डोळे उघडले. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्यांना आत्ता दिसलं. मान जरा वर करून, कपांपुढे उभं राहून बोलायचे तसंच ते बोलले, "छान. मीठ अगदी बेताचं."

खोली हसून फुटायची बाकी राहिली. मुकादम भिंतीला टेकला. बाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना. मालक तेवढे हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या डब्यातलं थोडं बोटावर घेऊन जिभेला लावलं, आणि वळून पिंपात थुंकले. मग टेबलावरची वही उचलून पानं मागे उलटत गेले. एक महिना. दोन महिने. प्रत्येक मळ्यापुढे तोच मागचा शब्द, बाईंच्या अक्षरात.

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं. बाईंचं सगळ्यात शेवटी. वाचून दाखवलेला एकेक शब्द त्यांना आठवायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, घरी शिकणाऱ्या दोन मुली, आणि जिभेखेरीज हाताशी दुसरी विद्या नाही.

"आत या जरा," मालक जीभवाल्यांना म्हणाले आणि वही घेऊन पुढे गेले.

जीभवाले निघाले. आयुष्यात कुणापुढे न अडखळलेल्या बाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि कसंबसं म्हणाल्या, "अहो, मला तरी सांगायचं होतं. मग लोकांच्या डब्यांत कशाला हात घालत होता?"

"रोज वाटायचं, बाई," ते म्हणाले, "आज कुणाच्या तरी डब्यात चव लागेल."