शेजारी-शेजारी

"जुळ्यांसाठी एकामागे एक सीट असलेलीच बाबागाडी दाखवा," ती दुकानातल्या बाईला म्हणाली. "शेजारी-शेजारी सीटवाली आमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही."

"मावेल की," नवरा म्हणाला. "परवा फ्रिज नाही का आला त्यातून?"

त्याच्या कडेवर थोरली होती. धाकटी हिच्या खांद्यावर, तोंड आत करून. घराबाहेर ती तिला नेहमी तशीच घ्यायची. धाकटीचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि ऑपरेशनला अजून अवकाश होता. मागच्या सीटवर, छत पुढे ओढलं की कोणाला काही दिसलं नसतं.

बाईने मात्र शेजारी-शेजारी सीटवाली गाडी समोर आणली. "बसवून तर बघा." नवऱ्याने थोरलीला बसवलंसुद्धा. मग तिलाही धाकटीला खाली ठेवावंच लागलं. आता नेहमीचं 'अरेरे' ऐकायचं, म्हणून ती दुसरीकडे बघत उभी राहिली.

"गोड आहेत हो दोघी," बाई वाकून म्हणाली. मग थोरलीच्या गालावरच्या काजळाच्या ठिपक्याला हळूच बोट लावलं. "हिला तीट लावलीत. तिची घाईत राहिली वाटतं?"

"हो, घाईतच राहिली," ती म्हणाली, आणि पर्समध्ये काजळाची डबी शोधत मान खाली घालून राहिली. घाई आज नव्हती, कालही नव्हती. धाकटीलाही कोणाची दृष्ट लागू शकते, हे इतक्या दिवसांत तिच्या मनातच आलं नव्हतं.