दार उघडलं म्हणून

अपूर्णांकांची चाचणी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला. "कुलूप, दिवे, नजरेआड." ऑफिसातल्या बाईंनी तेच दोनदा म्हटलं आणि स्पीकर बंद झाला.

ग्वेन होल्त्झने हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. सराव या आठवड्यात कधीतरी होणार, हे सगळ्या शिक्षकांना माहीत होतं. पण चाचणीच्या मधोमध?

बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा हा सराव. पूर्वी सुरुवातीलाच 'हा फक्त सराव आहे' असं सांगायचे. मुलं हसण्यावारी नेतात, म्हणून मुख्याध्यापक लायल ब्रँटने या वर्षापासून ते सांगणं बंद केलं. त्या मीटिंगमध्ये ग्वेन ताडताड बोलली होती. सहावीतल्या पोरांना मुद्दाम घाबरवून आपण त्यांना नेमकं काय शिकवतोय, असं तिने विचारलं होतं. बाकीचे शिक्षक आपापल्या कॉफीच्या कपात बघत बसले होते.

तिने दाराला कुलूप लावलं, दारातल्या काचेवरचा पडदा ओढला, दिवे घालवले. मुलं न सांगता खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन बसली. एवढ्या लहान वयात हे सगळं अंगवळणी पडावं, याचाच तिला संताप येत होता.

"मिस, चाचणी रद्द का?" ब्रोडी कुजबुजला.

"स्वप्नं बघ," ती म्हणाली. दोघंतिघं तोंडावर हात धरून हसले.

मग तिच्या लक्षात आलं, होदान नाही. सोमाली घरातली, पुढच्या बाकावर बसणारी, मोजकं बोलणारी मुलगी. तिची आई शाळेच्याच किचनमध्ये कामाला होती. होदान मघाशी विचारून बाथरूमला गेली होती.

तिची आठवण झाली आणि दारावर थापा पडल्या. भराभर, तळहाताने.

"मिस, मी आहे. मला आत घ्या ना."

नियम सरळ होता. एकदा कुलूप लागलं की बाहेर कोणीही असो, दार उघडायचं नाही. शिक्षक तो पाळतात की नाही हे बघायला लायल कधीकधी स्वतःच दार वाजवायचा. शेजारच्या वर्गातल्या पीटरसनने मागच्या वेळी उघडलं, तर सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली होती. आणि आता लायलने हे काम एका लहान मुलीवर सोपवलं होतं. ग्वेनच्या डोक्यात तिडीक गेली. उघडलं नाही तर पोरगी अंधारात आपल्या बाईंना हाका मारत राहणार. उघडलं तर बाईंना समज मिळणार.

"मिस, प्लीज."

ग्वेन उठली. लपूनछपून नाही, चांगली ताठ चालत गेली. तिने कुलूप काढलं, होदानला दंडाला धरून आत ओढलं आणि दार पुन्हा बंद केलं. मुलगी थरथरत होती. तिला शब्द फुटत नव्हता. तिने ग्वेनची बाही मुठीत घट्ट धरली आणि ती सोडेचना. ग्वेन तिला कुशीत घेऊन कोपऱ्यात बसली आणि लायलला काय काय सुनवायचं ते मनात जुळवू लागली.

थोड्या वेळाने दाराची मूठ फिरली. एकदा, मग पुन्हा, दार चौकटीत हादरेल इतक्या जोरात. कुलपं लागली आहेत का हे तपासत फिरणं हा लायलचा आवडता उद्योग. आज अंगात जरा जास्तच आलं होतं. ग्वेनने अंधारात त्याची नक्कल करत गाल फुगवले. जवळ बसलेल्या मुलांनी हसू आवरायला तोंडात बाह्या कोंबल्या. होदान तेवढी हसली नाही.

बऱ्याच वेळाने स्पीकरवरून 'सगळं ठीक' असं सांगितलं गेलं. लगेच समुपदेशक बाई वर्गावर आल्या. त्यांनी होदानला जवळ घेतलं आणि ग्वेनला म्हणाल्या, लायलने ताबडतोब बोलावलंय.

ग्वेनला तेच हवं होतं. कॉरिडॉरमधून ती तरातरा चालत गेली. ऑफिसच्या दाराशी पोलीस उभे होते. सरावाला ते येतातच. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

लायल टाय सैल करून बसला होता.

"तू दार उघडलंस," तो म्हणाला.

"उघडलं. लिही माझ्या फाइलमध्ये." मग ती थांबलीच नाही. लहान मुलीला आमिष म्हणून वापरणाऱ्या माणसाने शाळा चालवू नये, होदान अजून थरथरतेय, आज तिच्या आईला तोंड दाखवायची तुझी लायकी नाही, हे सगळं तिने एका दमात सुनावलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा लायलने एवढंच विचारलं, "नियम माहीत असताना का उघडलंस?"

"सराव होता म्हणून. मला काय मूर्ख समजतोस? खरंच कोणी आलं असतं तर मी जागची हलले नसते. आत माझा अख्खा वर्ग होता, लायल. होदान बाहेर कितीही रडली असती, तरी मी ते दार उघडलं नसतं."

लायल उठला आणि त्याने ऑफिसचं दार हलकेच लोटून घेतलं.

"पलीकडच्या खोलीत तिची आई बसलीये. तिला तुझे आभार मानायचेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आत्ता मला जे म्हणालीस, ते तिच्यासमोर म्हणू नकोस. आपला सराव उद्या होता, ग्वेन."